विश्लेषण : वहीतले कार्टून टीव्हीपर्यंत कसे पोहोचते? कळमेश्वरमधून स्टुडिओचे दार ठोठावण्याआधी काय तयारी लागते?

नागपूरला संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले, की सकाळी मुंबईत उतरता येते. कळमेश्वरमधल्या एखाद्या चित्रकाराला आपले कार्टूनचे पात्र मुंबईच्या ॲनिमेशन स्टुडिओत दाखवायचे असेल, तर प्रवासाची अडचण एवढीच आहे. खरे अडते ते स्टुडिओत पोहोचल्यावर. हातात दहा-बारा रंगीत चित्रे असतात, डोक्यात एक छान गोष्ट असते. समोरचा माणूस चित्रे पाहतो, मान डोलावतो आणि विचारतो, ‘याचे बावन्न भाग कसे होतील? मुलांचा वयोगट कोणता? पात्राचे हक्क कोणाच्या नावावर आहेत?’ या तीन प्रश्नांची तयारी नसेल, तर चांगले पात्रही वहीतच राहते.

या तयारीसाठी मुंबईत राहावे लागत नाही. ती कळमेश्वरमध्ये, नरखेडमध्ये किंवा ब्रह्मपुरीत बसूनही करता येते. मात्र त्यात नेमके काय येते आणि कागदावर सही करताना काय सांभाळावे लागते, हे आधी समजून घ्यायला हवे.

पिचिंग म्हणजे नेमके काय?

आपल्या मालिकेची कल्पना निर्णय घेणाऱ्यांसमोर मांडून ती तयार करण्यासाठी त्यांना राजी करणे, याला या व्यवसायात ‘पिच’ करणे म्हणतात. समोर तीन प्रकारचे लोक असू शकतात. पहिली कार्टून वाहिनी, दुसरा ओटीटी मंच आणि तिसरा ॲनिमेशन स्टुडिओ. वाहिनी आणि ओटीटी मंचाकडे दाखवण्याची जागा आणि पैसा असतो. स्टुडिओकडे चित्रे हलती करणारे कलाकार असतात.

स्टुडिओंचेही दोन प्रकार आहेत. काही स्टुडिओ प्रामुख्याने इतरांचे, बहुधा परदेशी मालिकांचे काम ठेक्याने करून देतात. काही स्टुडिओ स्वतःची पात्रे आणि मालिका तयार करून वाहिन्यांना देतात. नवी कल्पना घेऊन जायचे ते दुसऱ्या प्रकारच्या स्टुडिओकडे. पहिल्या प्रकारच्या स्टुडिओत कल्पना ऐकून घेणारा विभागच नसू शकतो. म्हणून फोन करण्याआधी त्या स्टुडिओने आजवर स्वतःचे काय केले आहे, हे पाहणे ही पहिली पायरी.

फाळक्यांनी पैसे कसे उभे केले?

या विषयातला सर्वांत जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा धडा मराठी माणसाचाच आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके इंग्लंडमध्ये कॅमेरा खरेदी करून परतले. चित्रपट काढायचा होता, पण हे काम भारतात होऊ शकते यावर विश्वास ठेवून पैसे देणारे कोणी नव्हते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्यासमोर ठेवला. महिन्याहून अधिक काळ ते रोज त्याची एकेक चौकट टिपत राहिले. बीला कोंब फुटतो, रोप वाढते आणि वेल वर चढतो, हे सगळे मिनिटभरात दाखवणारी ‘अंकुराची वाढ’ नावाची छोटी फिल्म तयार झाली.

ती निवडक लोकांना दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासारख्यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. पुढे मे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला. एकेक चौकट टिपून हालचाल उभी करण्याचे हेच तंत्र फाळक्यांनी १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये वापरले. त्यात काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर हलताना दिसल्या.

फाळक्यांनी सावकारांना आख्खा चित्रपट दाखवला नव्हता. मिनिटभराचा एक नमुना दाखवला आणि ‘हे जमते’ एवढेच सिद्ध केले. आजच्या पिचचे कामही तेवढेच असते.

मालिकेच्या ‘बायबल’मध्ये काय असते?

मालिकेची सगळी माहिती एकत्र मांडणाऱ्या दस्तऐवजाला या व्यवसायात ‘बायबल’ म्हणतात. पहिल्या भेटीसाठी त्याची दहा ते पंधरा पानांची आवृत्ती पुरते. त्यात काय हवे, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

समजा, कळमेश्वरच्या चित्रकाराने संत्र्याच्या बागेत राहणारी नऊ वर्षांची मुलगी आणि एक वानर यांची गोष्ट योजली आहे. ती एका वाक्यात सांगताना त्याने लिहिले, ‘एक मुलगी आणि तिचा वानर मित्र यांच्या गमतीजमती.’ हे वाक्य वाचून काहीच कळत नाही. अशा शंभर मालिका असू शकतात.

आता दुसरे वाक्य पाहा. ‘बागेतली संत्री पळवणाऱ्या वानराला हुसकावण्याचे काम आबाजींनी नातीवर सोपवले आहे, पण ते वानरच तिचा जिवलग दोस्त आहे आणि हे घरात कोणालाच ठाऊक नाही.’ इथे पात्र आहे, अडचण आहे आणि गुपितही आहे. रोज सकाळी नवी भानगड होणार, हे वाचणाऱ्याला लगेच समजते. या एका वाक्याला ‘लॉगलाइन’ म्हणतात आणि ते बायबलच्या पहिल्या पानावर असते.

त्यानंतर क्रमाने पुढच्या गोष्टी येतात.

१) वयोगट : दोन ते पाच वर्षांची मुले आणि सहा ते अकरा वर्षांची मुले यांच्या मालिका पूर्ण वेगळ्या असतात. ‘सगळ्यांसाठी’ असे लिहिले, की निर्णय घेणाऱ्याला ती कोणत्या वेळेला दाखवायची हेच कळत नाही.

२) पात्रे : प्रत्येक पात्राला काय हवे असते, ते कशाला घाबरते आणि इतरांशी त्याचे कुठे खटकते. चित्रांमध्ये सर्व पात्रे शेजारी-शेजारी उभी करून त्यांची उंची दाखवावी. चेहऱ्याचे पाच-सहा भाव आणि पुढून, बाजूने, मागून दिसणारे रूप द्यावे. नुसती काळी सावली पाहूनही पात्र ओळखू आले, तर रेखाटन जमले.

३) जग : गोष्ट कुठे घडते आणि तिथले नियम काय. वानर फक्त मुलीशीच बोलते का? की बोलतच नाही, फक्त हातवारे करते? हा नियम एकदा ठरला, की सगळ्या भागांत पाळावा लागतो.

४) भागांच्या कल्पना : किमान दहा-बारा भागांचे प्रत्येकी चार-पाच ओळींचे कथाबीज.

५) एका भागाची पूर्ण पटकथा आणि शक्य असल्यास एक-दोन मिनिटांचे ‘ॲनिमॅटिक’. ॲनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची साधी चित्रे एकामागून एक लावून त्यांना आवाज आणि वेळेचा मेळ घातलेला कच्चा व्हिडीओ.

बावन्न भागांचा प्रश्न का विचारतात?

टीव्हीच्या ॲनिमेशन मालिकांत अकरा मिनिटांचे ५२ भाग किंवा बावीस मिनिटांचे २६ भाग ही रूढ मापे आहेत. दोन्हींची बेरीज ५७२ मिनिटे होते. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर अकरा मिनिटांच्या एका भागात १६,५०० चौकटी असतात आणि सगळ्या मालिकेत ८ लाख ५८ हजार. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढावे लागत नाही, तरी कामाचा पसारा यावरून कळतो. एवढा पैसा आणि एवढे हात गुंतवणाऱ्याला एक चांगली गोष्ट पुरत नाही. गोष्टी पुरवत राहणारी रचना त्याला हवी असते.

‘ॲडव्हेंचर टाइम’ या अमेरिकी मालिकेचे उदाहरण इथे लागू पडते. पेंडल्टन वॉर्ड याचा मूळ लघुपट गाजला होता. तरी निकलोडियनने त्याची मालिका करायला नकार दिला. कार्टून नेटवर्कने रस दाखवला, पण एक अट घातली. लघुपटातली मजा मालिकेतही टिकते, हे आधी सिद्ध करा. वॉर्ड आणि त्याच्या साथीदारांनी स्टोरीबोर्ड करून दिला. तो पसंत पडला नाही, तेव्हा दुसरा केला. मालिका २०१० मध्ये सुरू झाली. लघुपट प्रसिद्ध असूनही बावन्न भागांच्या प्रश्नातून त्यांची सुटका झाली नव्हती.

वानराच्या कल्पनेला ही कसोटी लावून पाहता येते. विदर्भातल्या संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहार असतात. फुलोरा, फळधारणा, तोडणी, बागवानाशी सौदा, रखवाली, रोहींचा उपद्रव, धापेवाड्याची यात्रा, शाळा, गारपीट. बागेचे वर्षच भागांचे विषय पुरवते. दहा कथाबीजे लिहून झाल्यावर अकरावे सुचायला आठवडा लागत असेल, तर ती कल्पना मालिकेची नसून लघुपटाची आहे असे समजावे. तसे असण्यात काही वाईट नाही, फक्त दार वेगळे असते.

खर्चाचा अंदाज स्टुडिओचा माणूस बायबल वाचतानाच बांधत असतो. प्रत्येक भागात नवी जागा आणि जत्रेची गर्दी असेल, तर खर्च वाढतो. बाग, घर, शाळा, रेल्वे फाटक अशा चार-पाच जागांत बहुतेक गोष्टी घडत असतील, तर त्याच पार्श्वभूमी पुन्हा वापरता येतात. थ्रीडीमध्ये वानराच्या अंगावरचे केस महाग पडतात, टूडीमध्ये तो प्रश्न येत नाही. हा विचार केल्याचे दोन ओळींत दिसले, तरी समोरच्याचा विश्वास वाढतो.

कळमेश्वरची गोष्ट बाहेर चालेल का?

आपली गोष्ट फारच गावातली आहे, ही भीती अनेकांना असते. ‘ब्लूई’ ही ऑस्ट्रेलियन मालिका या भीतीवरचे चांगले उत्तर आहे. ज्यो ब्रम याने ती ब्रिस्बेन शहरातल्या घरांवर, अंगणांवर आणि तिथल्या बोलण्यावर उभी केली. तिचा नमुना भाग २०१६ मध्ये एशियन ॲनिमेशन समिटमध्ये दाखवण्यात आला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाची एबीसी आणि बीबीसी यांनी सात मिनिटांचे ५२ भाग मागवले. २०१८ मध्ये सुरू झालेली ही मालिका पुढे जगभर पाहिली जाऊ लागली. स्थानिक तपशील तिच्या आड आले नाहीत, कारण भागांचे विषय घराघरांतले होते. खेळ, रुसवा, कंटाळा, दमलेले आई-बाबा.

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे. देशातल्या मोठ्या कार्टून वाहिन्यांसाठी मालिका बहुधा हिंदीत तयार होतात आणि मग इतर भाषांत डब होतात. त्यामुळे पिच हिंदी किंवा इंग्रजीत करण्याची तयारी ठेवावी लागते. गंमत फक्त ‘काऊन बे’ या शब्दात असेल, तर डबिंगमध्ये ती उडून जाते. वानर आबाजींच्या धोतरामागे लपले आहे आणि आबाजी त्यालाच शोधत आहेत, ही गंमत मात्र कोणत्याही भाषेत उरते.

मुंबईतले ॲनिमेटर वैभव कुमारेश यांची ‘लँपुट’ ही मालिका तर संवादांशिवायच आहे. प्रयोगशाळेतून निसटलेला, हवा तो आकार घेणारा एक नारिंगी गोळा आणि त्याच्या मागे लागलेले दोन डॉक्टर, एवढाच तिचा मामला. कार्टून नेटवर्कसाठी ती पंधरा-पंधरा सेकंदांच्या तुकड्यांनी सुरू झाली. पुढे तिचे भाग लांबले आणि आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारांच्या मुलांच्या विभागात तिला नामांकनही मिळाले. गिंट्स झिल्बालोडिस या लॅटव्हियन दिग्दर्शकाच्या ‘फ्लो’ चित्रपटातही संवाद नाहीत. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. ब्लेंडर, क्रिता आणि ओपनटूंझ ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. नमुना तयार करण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर हवे, ही सबब आता उरलेली नाही.

आधी छापून मग पडद्यावर, हाही मार्ग आहे. निकलोडियनवर २०१२ मध्ये आलेली कॉसमॉस-माया स्टुडिओची ‘मोटू पतलू’ ही मालिका ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातल्या पात्रांवरून तयार झाली. मराठीत १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून सुरू झालेल्या ‘चिंटू’ या चित्रमालिकेवर २०१२ मध्ये कलाकारांना घेऊन चित्रपट झाला. वाचकांना आवडलेले पात्र घेऊन गेल्यास पुरावा आधीच हातात असतो.

प्रत्यक्ष बैठकीत काय होते?

वेळ कमी असतो. पंधरा-वीस मिनिटांत मालिका सांगायची आणि उरलेल्या वेळात प्रश्नांना उत्तरे द्यायची. बायबल वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये, ते ठेवून यायचे असते. तोंडी सांगायचे ते एवढेच : कोण, कुठे, अडचण काय, एका भागात काय होते आणि हे पात्र मुलांना का आवडेल.

‘स्पंजबॉब’चे जनक स्टीफन हिलेनबर्ग सागरी जीवशास्त्राचे शिक्षक होते. निकलोडियनकडे पिच करताना ते पात्रांच्या प्रतिकृती ठेवलेली काचेची पेटी घेऊन आणि हवाईयन शर्ट घालून गेले होते. ऐकणाऱ्यांना मालिकेचे जग टेबलावरच दिसले. १९९९ मध्ये ती मालिका सुरू झाली. प्रत्येकाने पेटी न्यावी असे नाही, पण आपल्या मालिकेचा सूर काय आहे हे सांगणारी एखादी ठोस वस्तू किंवा वीस सेकंदांचा तुकडा सोबत असावा.

नकार अनेक रूपांत येतो. ‘छान आहे, आमच्याकडे असेच एक सुरू आहे’, ‘वयोगट बसत नाही’, ‘यंदाचे बजेट संपले’. यातले दुसरे कारण मिळाले, तर दुरुस्ती करून परत जाता येते. म्हणून नकार मिळाल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा, ‘यात काय बदलले तर तुम्ही पुन्हा पाहाल?’

दार कुठे ठोठावायचे?

अनेक मोठ्या वाहिन्या आणि स्टुडिओ न मागवलेल्या कल्पना उघडूनही पाहत नाहीत. पुढे चोरीचा आरोप होऊ नये, हे त्याचे कारण. काही ठिकाणी आधी ‘सबमिशन रिलीज’ नावाच्या कागदावर सही घेतात. ‘तुमच्या कल्पनेसारखे काही आमच्याकडे आधीच असू शकते, त्यावर तुम्ही दावा करणार नाही’ असा त्याचा आशय असतो. तो नीट वाचूनच सही करावी.

त्यामुळे ओळख होण्याच्या जागा महत्त्वाच्या ठरतात. फ्रान्समधल्या ॲनसी महोत्सवाचा ‘मिफा’ हा बाजार जूनमध्ये भरतो. मुलांच्या कार्यक्रमांच्या खरेदी-विक्रीचे ‘मिपज्युनिअर’ ऑक्टोबरच्या सुमारास होते. देशात मुंबईत मे २०२५ मध्ये केंद्र सरकारची ‘वेव्हज’ परिषद झाली. तिच्यात निर्माते आणि खरेदीदार यांना भेटवणारा बाजार होता आणि ॲनिमेशन कल्पनांची स्पर्धाही होती. ‘द ॲनिमेशन सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था या क्षेत्रातल्यांना एकत्र आणते. स्पर्धांच्या नियमांत मात्र एक ओळ शोधावी : पाठवलेल्या कल्पनेचे हक्क कोणाकडे राहतात?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि संबंधित तंत्रज्ञानासाठीचे ‘एव्हीजीसी-एक्सआर’ धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतच्या या आराखड्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद सांगण्यात आली आहे. त्यातले विदर्भाच्या वाट्याला किती येते, हे नागपूर परिसरातल्या कलाकारांनी लक्ष ठेवून पाहण्यासारखे आहे.

कल्पना चोरीला गेली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर थोडे कडू आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. ती कल्पना ज्या शब्दांत किंवा चित्रांत मांडली, त्या मांडणीवर मिळतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलल्याचा दावा होता. विषय सारखा असला, तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून न्यायालयाने तो दावा मान्य केला नाही.

‘मुलगी आणि वानर यांची दोस्ती’ कोणाच्याच मालकीची होऊ शकत नाही. वानराचे रेखाटन, लिहिलेली पटकथा आणि स्टोरीबोर्ड यांना मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. ते काम निर्माण झाल्या क्षणापासून मिळते, लेखकाच्या हयातीत राहते आणि त्यानंतर ६० वर्षे टिकते. बायबल जितके तपशीलवार, तितके संरक्षण पक्के.

नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास पुराव्याला उपयोगी पडते. कॉपीराइट कार्यालयाकडे अर्ज ऑनलाइन करता येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना पटकथेची ऑनलाइन नोंद करता येते. याशिवाय कोणाला, कधी, कोणती आवृत्ती पाठवली याची ई-मेलवर नोंद राहू द्यावी. बैठक झाली, की त्याच दिवशी आभाराच्या ई-मेलमध्ये काय दाखवले ते लिहून पाठवावे.

पात्राच्या नावाचा विषय वेगळा आहे. स्पंजबॉबचे मूळ नाव ‘स्पंजबॉय’ होते. ते आधीच दुसऱ्या कोणाच्या वापरात असल्याचे कळल्यावर बदलावे लागले. नाव पक्के करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर ते फुकट शोधून पाहता येते.

करारावर सही करताना काय पाहावे?

जेरी सीगल आणि ज्यो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये ‘सुपरमॅन’चे हक्क १३० डॉलरला विकले. त्यानंतर पात्राने जग जिंकले आणि निर्माते आयुष्यभर न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. याउलट राजीव चिलका यांच्या हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने २००८ मध्ये ‘छोटा भीम’ पोगो वाहिनीवर आणला, पण पात्राची मालकी स्वतःकडे ठेवली. त्यामुळे त्याची खेळणी आणि दप्तरे विकता आली, चित्रपट काढता आले आणि २०१९ मध्ये ‘मायटी लिटिल भीम’ नेटफ्लिक्सवर नेता आला.

एकट्या चित्रकाराला एवढी ताकद लगेच मिळत नाही. पैसा स्टुडिओ लावणार असेल, तर तो मालकीत वाटा मागणारच. तरी काही मुद्दे सहीआधी स्पष्ट करून घेता येतात.

पहिला मुद्दा मुदतीचा. सुरुवातीला बहुधा ‘ऑप्शन’ करार होतो. ठरावीक रकमेच्या बदल्यात स्टुडिओला वर्ष-दीड वर्ष ती कल्पना इतर कोणी न घेता पुढे नेण्याची संधी मिळते. मुदत संपली आणि मालिका झाली नाही, तर हक्क आपोआप परत येतील, असे लेखी हवे.

दुसरा मुद्दा हक्कांच्या यादीचा. मालिका, चित्रपट, पुस्तके, खेळणी, मोबाइल गेम, पुढची पर्वे यांतले काय दिले आणि काय राखले, हे एकेक करून लिहिलेले असावे. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, सर्व जग, कायमस्वरूपी’ ही ओळ दिसली, तर थांबून वकिलाला दाखवावे.

तिसरा मुद्दा कायद्यातल्या गृहीतकांचा. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत मानला जातो. मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण रद्द मानले जाते. पण या तिन्ही सोयी करारात वेगळे काही लिहिले नसेल तरच लागू होतात. म्हणून छोट्या अक्षरातला मजकूर वाचणे भाग आहे.

चौथा मुद्दा श्रेयाचा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ‘निर्मितीकल्पना’ म्हणून नाव येईल का, हे लेखी असावे. पुढच्या पिचच्या वेळी तेच नाव कामाला येते.

एक सूचना नोकरी करणाऱ्यांसाठी. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातात. नागपूर किंवा पुण्यातल्या स्टुडिओत नोकरी करत असताना आपले पात्र घरी, स्वतःच्या संगणकावर आणि कामाच्या वेळेबाहेर घडवावे. नोकरीचा करारही एकदा वाचून पाहावा, कारण काही करार फावल्या वेळातले कामही मागतात.

सुरुवात किती वेळाची?

नोकरी किंवा शेती सांभाळून रोज दोन तास देणाऱ्याला बायबल, एक पटकथा आणि मिनिटभराचे ॲनिमॅटिक यांसाठी सहा महिने धरायला हरकत नाही. पहिला महिना फक्त लॉगलाइन आणि दहा कथाबीजांना द्यावा, चित्रे नंतर रंगवावीत. कथाबीजे शेजारच्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना तोंडी सांगून पाहावीत. ती कुठे उठून जातात आणि ‘मग काय झालं?’ असे कुठे विचारतात, एवढे टिपून ठेवले तरी पहिली दुरुस्ती होते. हे सगळे झाल्यावर नोंदणीचा अर्ज करावा आणि मगच पहिला ई-मेल पाठवावा.

उत्तर ‘नाही’ आले, तरी हक्क आणि कागद दोन्ही स्वतःकडेच राहतात. तेच साहित्य चित्रकथा म्हणून छापता येते, मिनिटाचे भाग करून यूट्यूबवर टाकता येते किंवा पुढच्या वर्षी दुसऱ्या स्टुडिओला दाखवता येते.